घर तुझं, टेबल माझं

गेल्या आठवड्यात आमच्या इथल्या, जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी एक लेख पाठवला. फ्रेंच लोक लोणी खातात, चीज खातात, दुपारी तास-तास जेवत बसतात, आणि तरीही सडपातळ राहतात, भरपूर जगतात, ते कसं, अशा धर्तीचा. खाली पटापट अंगठे पडले. एकाने लिहिलं, ‘सबनीसकाकू असत्या तर त्यांनाच विचारलं असतं.’ त्यावर दुसऱ्याने लिहिलं, ‘त्या तर एक्याऐंशीलाच गेल्या की. माझी आजी चहा-चपातीवर ब्याण्णव वर्षं जगली.’ पुढे एक हसरा चेहरा.

मी फोन पालथा घातला. हिशेब असा मांडायचा असेल तर काकू हरल्या, हे मला मान्य आहे. पण हिशेब असा मांडायचा, हेच मुळात त्यांना मान्य नव्हतं. ग्रुपवर दोन ओळींत हे सांगता येणार नाही, म्हणून इथे सांगते.

वसुधा सबनीस मूळच्या मिरजेच्या. पुण्यात फ्रेंच शिकल्या, लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी फ्रान्समध्ये ल्योंजवळच्या एका छोट्या गावात गेल्या आणि तिथल्या शाळेत अठरा-वीस वर्षं इंग्रजी शिकवत राहिल्या. काका गेल्यावर मुलाने, रोहनने, त्यांना इकडे आपल्याकडे आणलं. रोहन आणि त्याची बायको केतकी दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर त्यांचं घर, दुसऱ्या मजल्यावर आमचं. काकू आल्या तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. बुटक्या, ताठ, गळ्यात रुमाल बांधण्याची एक खास पद्धत, कपाळाला मोठी टिकली आणि ओठांना लिपस्टिक. काकांच्या मागे यातलं काहीच त्यांनी सोडलं नव्हतं. केतकीच्या आईला हे फोनवर दिसलं तेव्हा तिकडे थोडी कुजबुज झाली. काकूंच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, त्यांना मी अशी आवडत होते, आता ते नाहीत म्हणून नावडती कशी होऊ?

पहिल्यांदा आम्ही सगळ्यांनी त्यांना पाहिलं ते एका मुलीच्या वाढदिवसाला. गावातला एक हॉल भाड्याने घेतला होता, भिंतीकडेला पिझ्झे, वेफर्स, समोसे मांडले होते, आणि सगळे हातात कागदी बशा घेऊन उभे होते. यजमानीणबाईंनी काकूंच्या हातात भरलेली बशी दिली. काकूंनी ती घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, बसायचं कुठे? बुफे आहे काकू, असं उत्तर आलं. काकू शांतपणे भिंतीशी गेल्या, घडी घालून ठेवलेलं एक टेबल ओढायला लागल्या. मग अर्थातच दोघं-तिघं धावले. टेबल लागलं, खुर्ची आली. काकू बसल्या, बशीतले अर्धे पदार्थ परत देऊन आल्या, उरलेला एक समोसा आणि थोडी काकडी अर्धा तास पुरवून खाल्ली. मधूनमधून काटा खाली ठेवून समोरच्याशी बोलायच्या. सुरुवातीला समोर कुणीच नव्हतं. संपवेपर्यंत आठ-दहा जण खुर्च्या ओढून बसले होते आणि केक कापायला उशीर झाला म्हणून यजमानीणबाई रागावल्या होत्या. जाताना काकूंनी त्यांची माफी मागितली नाही, पण समोसा फार सुरेख झाला होता, असं मनापासून सांगितलं. तो विकतचा होता.

त्यांचा दिवस चालण्यावर उभा होता. सकाळी पाव आणायला बेकरीत चालत. शनिवारी बाजारात चालत. रोहन म्हणायचा, आई, गाडीने आठवड्याचं एकदम आणू. त्या म्हणायच्या, आठवड्याची भूक मला आज कशी कळणार? बाजारातल्या फळवाल्या जर्मन बाईला त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं की दोन ताजे जर्दाळू दे, एक आज दुपारी खायचाय आणि एक उद्या. बाईने दोन उचलून पिशवीत टाकले. काकूंनी ते बाहेर काढले, दाबून पाहिले आणि म्हणाल्या, हे दोन्ही उद्याचे आहेत. बाई आधी चिडली. महिन्याभराने काकू दिसल्या की ती स्वतःच विचारायला लागली, आज की उद्या?

माझी आणि त्यांची मैत्री जिन्यात झाली. मी आठवड्यातले दोन दिवस घरून काम करते. त्यांनी एकदा विचारलं, दुपारी काय जेवतेस? मी म्हटलं, सँडविच, लॅपटॉपसमोर. मीटिंग चालू असताना? हो, कॅमेरा बंद करून.

“म्हणजे चोरून,” त्या म्हणाल्या. “स्वतःच्या घरात, स्वतःचं अन्न, चोरून. गुरुवारी खाली ये.”

गुरुवारी खाली गेले. टेबलावर स्वच्छ चादर, कापडी रुमाल, पाण्याचा जग. आधी एका छोट्या बशीत नुसती काकडीची कोशिंबीर आली. ती संपेपर्यंत दुसरं काही नाही. मग वरण, भात, फरसबीची भाजी, बेताचं. फ्रान्समध्ये जेवणात चीज येतं त्या जागी काकूंनी दही ठेवलं होतं, घट्ट, वाटीभर. शेवटी एक संत्रं दोघींत. सगळं मिरजेचं होतं, फक्त एकामागून एक येत होतं. मी म्हटलं, आपल्याकडे तर ताटात सगळं एकदम वाढतात. त्या म्हणाल्या, वाढतात ना, पण कुणीतरी वाढतं आणि कुणीतरी बसतं. तेवढं सांभाळलं तर क्रम कुठला का असेना. तुम्ही आता वाढतही नाही आणि बसतही नाही.

त्या गुरुवारनंतर मी साडेबाराच्या मीटिंगांना नकार पाठवायला लागले. आमचा टीमलीड घाबरला, काही प्रॉब्लेम आहे का, म्हणून विचारायला लागला. मी लिहिलं, मिटाग्सपाउजं, म्हणजे जेवणाची सुट्टी. जर्मनीत या शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही. इतकी वर्षं तो शब्द माझाही होता, मी वापरला नव्हता एवढंच.

आता त्या वाईनबद्दल. काकू रविवारी दुपारी जेवताना पेल्यात दोन बोटं तांबडी वाईन घ्यायच्या. याची आमच्या मंडळींत इतकी चर्चा झाली की हेच त्यांच्या तब्येतीचं रहस्य ठरलं. एकदा बायकांच्या ऑनलाइन गप्पांमध्ये कुणीतरी त्यांना विचारलंच, काकू, रोज किती घ्यायची म्हणजे हृदयाला चांगली? काकू म्हणाल्या, मी ती हृदयासाठी घेत नाही, रविवार आहे म्हणून घेते. पुढे डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली आणि वाईन बंद करा म्हणाले, तेव्हा त्यांनी त्या रविवारपासून पेल्यात पाणी ओतलं. हळहळल्या नाहीत. आमच्या मंडळींचीच फार निराशा झाली. रहस्यच गेलं. मग चीजचं रहस्य आहे का, लोण्याचं आहे का, असे प्रश्न आले. काकू वैतागून म्हणाल्या, रहस्य असतं तर मी विकलं नसतं का? बसा आणि जेवा, एवढंच आहे, आणि तेच कुणाला नको आहे.

खरी गोष्ट त्यांच्या स्वतःच्या घरात घडली.

ते घर मोजण्याचं होतं. रोहन सोळा तास उपाशी राहायचा आणि फोनवर घड्याळ लावायचा. केतकी ओट्स वजन करून घ्यायची, बदाम मोजायची. दोघंही देखणी, तंदुरुस्त, रविवारी धावायला जाणारी. जेवायला एकत्र कधीच नाहीत. ज्याची खिडकी ज्या वेळी उघडेल त्या वेळी तो खाणार. खिडकी हा त्यांचा शब्द, खायच्या ठरलेल्या तासांसाठी. काकू पहिल्यांदा ऐकून खरंच खिडकीकडे बघायला लागल्या होत्या.

त्यांची मुलगी ईरा, चौदा वर्षांची. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. तिने आधी गोड सोडलं. सगळ्यांनी कौतुक केलं. मग भात सोडला. मग जिम्नॅस्टिकच्या सरावाआधी काही खायचं नाही आणि सरावानंतर उशीर झाला म्हणून नाही. उन्हाळ्यातसुद्धा जाड स्वेटर घालायला लागली. “इश हाब काइनेन हुंगर,” भूक नाही, हे तिचं एकच वाक्य जिन्यातून ऐकू यायचं.

काकूंनी ते सगळ्यांच्या आधी ओळखलं. शाळेत त्यांनी अशा मुली पाहिल्या होत्या. त्या रोहनशी बोलल्या, केतकीशी बोलल्या. दोघांनाही वाटलं, आईंना नातवंडं गुटगुटीत हवी असतात, जुन्या पिढीचं हे असंच.

एका शनिवारी दुपारी मी त्यांचं पातेलं परत द्यायला खाली गेले. दार उघडं होतं आणि आत भांडण चाललं होतं. मागे फिरावं तर काकूंनी मला पाहिलेलं. बाथरूममधला वजनकाटा आणि स्वयंपाकघरातला छोटा काटा, दोन्ही त्यांनी एका पिशवीत भरले होते आणि पिशवी हातात घेऊन त्या दारात उभ्या होत्या. तळघरातल्या खोलीत नेऊन ठेवणार होत्या. रोहन वाटेत आडवा.

“आई, निदान ती जंक तरी खात नाही. बाकीच्यांची मुलं बघ.”

“ती काहीच खात नाही, रोहन.”

“आम्ही बघू. तू प्लीज यात पडू नकोस. हे माझं घर आहे.”

काकू आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही. “घर तुझंच आहे,” त्या म्हणाल्या. “टेबल माझं. उद्यापासून या टेबलावर कुणी आकडा बोलायचा नाही. वजनाचा नाही, तासाचा नाही, कॅलरीचा नाही. आणि सोमवारी तू तिला डॉक्टरकडे नेणार आहेस. तू नेलं नाहीस तर मी चालत नेईन.”

केतकी भिंतीला टेकून उभी होती. ती एकदम खाली बसली, जमिनीवरच. मी पातेलं शूजच्या कपाटावर ठेवलं, काकूंच्या हातातली पिशवी घेतली आणि तळघरात ठेवून आले. एवढाच माझा त्यात वाटा.

सोमवारी ते गेले. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी ईराची नाडी पाहिली आणि त्याच दिवशी फोन करून पुढची व्यवस्था लावली. जर्मनीत टेर्मिन, म्हणजे डॉक्टरची वेळ, इतक्या लवकर मिळाली, यावरूनच रोहनला काय ते कळलं. काही आठवडे ती क्लिनिकमध्ये होती, पुढे घरी राहून उपचार. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ग्रुपवर नंतर अशीही कथा फिरली की आजीने वरणभाताने नातीला बरं केलं. काकू त्यावर भडकल्या होत्या. त्या म्हणाल्या, बरं केलं डॉक्टरांनी आणि त्या समुपदेशन करणाऱ्या बाईने आणि तिने स्वतः. मी औषध नाही. मी फक्त समोर बसते.

पण बसणं म्हणजे काय, ते मी गुरुवारी-गुरुवारी पाहिलं. ईरा दुपारी शाळेतून यायची. टेबल लागलेलं असायचं. त्या थेरपीवाल्या बाईंना विचारूनच काकूंनी सगळं ठरवलं होतं. ईराला किती वाढायचं ते तिकडून आलेलं असे आणि काकू तेवढं वाढत. पण त्यानंतर त्यांनी एकदाही ‘खा’ म्हटलं नाही. तिच्या ताटाकडे पाहिलं नाही. स्वतः मात्र चवीने जेवायच्या, अगदी बोटाला लागलेलं दही चाटून. आणि बोलायच्या. त्यांची फ्रान्सची मैत्रीण सिमोन, शाळेत इतिहास शिकवणारी, तिच्या बागेतल्या भोपळ्यावरून शेजाऱ्याशी झालेली मारामारी. मिरजेला तबल्याच्या क्लासला त्या कशा खिडकीतून पळायच्या. वर्गात झोपणारा एक मुलगा पुढे न्यायाधीश कसा झाला. ईरा कधी रडायची, कधी ताट ढकलायची, कधी जर्मनमध्ये असं काही बोलायची की मी खाली बघायचे. काकू उठायच्या नाहीत. तास भरायचा. मग त्या संत्रं सोलायच्या, अर्धं तिच्या बशीत ठेवायच्या आणि म्हणायच्या, चल, झालं आजचं.

एके दिवशी केतकी ऑफिसमधून दुपारीच घरी आली आणि चौथी खुर्ची ओढून बसली. काकूंनी तिला वाढलं. कोशिंबीर संपल्यावर केतकी म्हणाली, “अहो आई, मलाच भूक लागली की भीती वाटते. कॉलेजपासून वाटते.” ईराने मान वर करून आईकडे पाहिलं. काकूंनी फक्त भाताचं भांडं केतकीकडे सरकवलं. त्या दिवसानंतर केतकी गुरुवारी यायला लागली.

आणि मग, हिवाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट, मी त्या दिवशी तिथे नव्हते. काकू जिन्यात भेटल्या. कठडा घट्ट धरून उभ्या होत्या, मला वाटलं चक्कर आली.

“ती म्हणाली, मीठ कमी आहे,” काकू म्हणाल्या.

“कोण?”

“ईरा. कोशिंबिरीत. आणि मराठीत म्हणाली गं. मीठ कमी आहे, आजी.”

मग तुम्ही काय केलंत, मी विचारलं. काय करणार, त्या म्हणाल्या, मीठ दिलं. आणि तिथेच पायरीवर बसून रडल्या. रुमालाने डोळे पुसून झाल्यावर लिपस्टिक नीट आहे ना, हे मला विचारून घरात गेल्या.

रोहन सगळ्यात शेवटी आला. तो बरेच दिवस टेबलाजवळून कॉफीचा मग घेऊन जायचा, उभ्याउभ्या दोन शब्द बोलायचा. एका रविवारी काकूंनी त्याचंही ताट मांडलं. तो बसला. त्याच्या फोनवर ते उपासाचं घड्याळ वाजलं, तेव्हा ईराने फोन उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. हे केतकीने मला सांगितलं.

ईरा बरी होत गेली. सरळ रेषेत नाही, दोनदा पुन्हा घसरली. पण झाली. आणि ती उभी राहिली तशी काकूंनी आपली गोष्ट काढली. त्यांना परत जायचं होतं. सिमोन एकटी होती, तिच्या घरात वरची खोली रिकामी होती. याच सुमारास काकूंच्या हृदयाची झडप अरुंद होत चालल्याचं निघालं. रोहनच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. हायडेलबर्गचं मोठं हॉस्पिटल इतक्या जवळ, आणि ही बाई खेड्यात जाणार, एका म्हाताऱ्या फ्रेंच बाईच्या भरवशावर. त्याने डॉक्टरांना मध्ये घातलं. डॉक्टर म्हणाले, तिकडेही चांगले हृदयतज्ज्ञ आहेत, कागद पाठवू. त्याने पुण्याच्या मामाला मध्ये घातलं. मामाला काकूंनी फोनवर फक्त त्याच्या गुडघ्यांबद्दल विचारलं.

शेवटी तो माझ्यासमोरच त्यांना म्हणाला, “तिकडे तुला काही झालं तर?”

“होणारच आहे,” काकू म्हणाल्या. “इथेही होणार आहे. तू मला जपून ठेवायला बघतोस रे, बाळा, आणि मला ते कळतं. पण मी लोणचं नाही. मला बाजारात जायचंय, भांडायचंय, कुणाशी तरी फ्रेंचमध्ये बोलत जेवायचंय. सिमोन तिथे दोन वर्षं एकटी जेवते आहे.”

रोहनने सामान बांधायला हात लावला नाही. निघायच्या दिवशी सकाळी मात्र त्याने सुट्टी काढली, स्वतः पोळ्या केल्या, वेड्यावाकड्या, आणि त्यांचा डबा भरला. स्टेशनवर यायचं मात्र त्याच्याने झालं नाही.

काकू तिथे दोन वर्षांहून थोडं कमीच जगल्या. सिमोनच्या बागेत मेथी लावली. शेजाऱ्याशी भोपळ्यावरून तडजोड केली. दर रविवारी जेवण झाल्यावर ईराला फोन करायच्या, आणि ईरा त्यांच्याशी मराठीत बोलायची, अडखळत. गेल्या वसंतात एका दुपारी, जेवण झाल्यावर, सिमोन कॉफी ठेवायला आत गेली आणि परत आली तेव्हा काकू खुर्चीतच गेलेल्या होत्या. संत्र्याची साल बशीत होती.

एक्याऐंशी. ग्रुपवरच्या त्या गृहस्थांना हा आकडा कमी वाटतो. फ्रेंच लोक जास्त का जगतात ते मला माहीत नाही. थोडं खातात म्हणून, चालतात म्हणून, की कुणीतरी समोर बसलेलं असतं म्हणून, ते जाणकारांनी ठरवावं. मला एवढंच माहीत आहे की या इमारतीच्या तळमजल्यावर आज एक सतरा वर्षांची मुलगी आहे, आणि तिची आई दुपारी घाबरत नाही. हे कुणाच्या आयुष्याच्या हिशेबात मिळवायचं ते त्या गृहस्थांनी सांगावं.

मी काकूंना शेवटचं पाहिलं ते कार्ल्सरुहच्या स्टेशनवर. केतकीने गाडी चालवली, सामानाला मदत म्हणून मी बरोबर. ईरा फलाटावर पोचल्यावर जी रडायला लागली ती थांबेना. ल्योंकडे जाणारी गाडी आली. मी बॅग चढवली. काकू दारात उभ्या राहिल्या, निळा कोट, गळ्यात तो रुमाल, आणि आजूबाजूच्या जर्मनांची पर्वा न करता मोठ्याने म्हणाल्या, “ईरा, रडायचंय तर घरी जा, पोटभर जेव, मग रड. उपाशीपोटी रडू नये.” ईरा रडतारडता हसली. दार बंद झालं.

आम्ही तिघी खिडकीखिडकीतून त्यांना शोधत फलाटावरून चालत राहिलो. सापडल्या तेव्हा हात हलवायला लागलो. पण काकूंचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. त्यांच्या जागेवर एक धिप्पाड माणूस पाय पसरून बसला होता आणि काकू हातातलं तिकीट त्याच्या नाकासमोर धरून त्याला काहीतरी समजावत होत्या. गाडी हलली तेव्हा तो उठत होता.